टाक्याशेजारचं लोखंड

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा सोमवार, सकाळचे साडेनऊ. रक्कम पंधराशे रुपये, पाचशेच्या तीन नोटा, माझ्या दुरुस्तीच्या वर्कशॉपात टेबलावर पान्याखाली दाबून ठेवलेल्या. हजर माणसं चार: मी, माझ्याकडे वीस वर्षं वेल्डिंग करणारा सदाशिव, गिऱ्हाईक म्हणून आलेले हवालदार आणि त्यांच्या पत्नी शालनवहिनी. वहिनी एवढ्यासाठीच आल्या होत्या की हवालदार एकटे आले तर गप्पा मारून काम न करता परत जातात.

हवालदार फौजेतून निवृत्त होऊन आले, त्याला दहा वर्षं झाली. पलूसबाहेर, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. त्याच छपराखाली वहिनींची चहाची गाडी. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि दर दहा ट्रॉल्यांत एकीचं चाक बसलेलं असतं. वर्षाची कमाई त्या चार-पाच महिन्यांत. त्यामुळे हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची टाकी टेंपोतून उतरवताना हवालदारांचा जीव वर-खाली होत होता.

"अण्णा, टाकीला बुडाशी बारीक भोक पडलंय. सुईएवढं. एक टाका मारा, दुपारच्याला घिऊन जातो."

मी सांगितलं, "हवालदार, आपण टाकीला टाका मारत नाही. आठ वर्षं झाली बंद केलंय."

"आवं, तुमी बंद केलंय म्हणून मी पैसे आधी ठिवलं. फौजेत आमी अख्ख्या पुलाला टाकं मारून वरनं रणगाडं नेलं. ही तर हवेची टाकी. आत हाय काय? हवा!"

वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या बोलन्यात बी तेवढीच आसती."

सगळे हसलो. मीही हसलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बराच काळ मला हसू आलं नाही.

संपादकांनी मला धंद्यातले गमतीचे अनुभव मागितले होते. ते माझ्याकडे आहेत. तासगावकडचा एक फर्निचरवाला होता. कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारतो, पाळण्यातली नात दचकते, म्हणून त्यानं तो व्हॉल्व्हच तारेनं आवळून बंद केला होता. मी विचारलं, "घरात कुकरची शिट्टी बांधून ठेवता का?" तर म्हणाला, "कुकरमधी डाळ आसती अण्णा, ह्याच्यात काय न्हाई." दुसरा एक गृहस्थ टाकीखालचा कॉक उघडून रोज पाणी काढायला तयार नव्हता. कारण पाण्याबरोबर हवा जाते आणि हवा भरायला वीज लागते. अशा पंधरा-वीस गोष्टी सांगता येतील. पण लिहायला बसलो की तो सोमवारच पुढे येतो.

आधी कॉम्प्रेसर म्हणजे काय ते सांगतो. मोटार बाहेरची हवा ओढून लोखंडी टाकीत दाबून भरते. हवेत ओल असते, दाबल्यावर तिचं पाणी होतं आणि टाकीच्या तळाशी साचतं. ते रोज सोडावं लागतं. नाही सोडलं तर टाकी आतून गंजते. बाहेरून काही दिसत नाही. आतला पत्रा वर्षावर्षानं झिजतो आणि एक दिवस तळाशी भोक पडतं. भोक पडलं म्हणजे तेवढीच जागा खराब झाली असं लोकांना वाटतं. खरं तर भोवतालचा वीतभर पत्राही तितकाच सडलेला असतो, फक्त त्याला अजून भोक पडलेलं नसतं.

अशा भोकावर वेल्डिंगनं बारीक ठिगळ मारतात, त्याला आमच्याकडे टाका म्हणतात. शिंपी टाका घालतो, डॉक्टर टाका घालतो, तसाच हा. शब्दच इतका साधा आणि मायेचा आहे की त्यात काही धोका असेल असं मनातच येत नाही. धंद्याच्या पहिल्या अठरा वर्षांत मी टाक्यांना टाके मारून दिले. सदाशिवनं मारले, मी पैसे घेतले. सगळेच मारायचे.

ते बंद कसं झालं तेही सांगतो. आठ वर्षांपूर्वी एक निवृत्त बॉयलर तपासनीस त्यांच्या पाणबुडी पंपाचं काहीतरी काम घेऊन आले. आत सदाशिव एका टाकीला टाका मारत होता. ते पाहिलं आणि गृहस्थ काही न बोलता बाहेर गेले, रस्ता ओलांडून पलीकडच्या चिंचेखाली उभे राहिले. मी हाक मारली, "साहेब, आत या की." ते तिथूनच ओरडले, "तुमचं ते झालं की येतो. मला दोन नातवंडं आहेत."

नंतर त्यांनी मला कागदावर गणित मांडून दाखवलं. आकड्यांचं मला वेड आहे, म्हणून ते मला कायमचं लागलं. टाकीच्या दोन्ही टोकांना झाकण असतं. त्याचा व्यास चाळीस सेंटिमीटर धरा. म्हणजे क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस सेंटिमीटर. पंक्चरवाल्याचा दाब दहा किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. गुणाकार करा. एका झाकणावर साडेबारा हजार किलो. साडेबारा टन. उसानं भरलेली अख्खी ट्रॉली त्या झाकणावर आतून रेटत असते आणि आपण म्हणतो, आत काय आहे, हवा.

"आणि वेल्डिंगनं काय होतं," साहेब म्हणाले, "पातळ पत्रा तापतो, गार होताना आवळतो, टाक्याशेजारी ताण साठतो. टाका मजबूत होतो हो. शेजारचं लोखंड जातं. शिवाय आत तेलाची वाफ राहिली असेल तर वेल्डिंग करतानाच बार उडेल." त्या दिवसापासून मी टाके बंद केले. सदाशिव महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या हाताचा तो अपमान होता. "अण्णा, माझा टाका आजवर सुटलाय काय? एक दाखवा," असं म्हणायचा. सुटला नव्हता, हे खरं होतं.

तर सोमवारी हवालदार ऐकेनात. मी म्हटलं, टाका नाही, पण टाकीची जाडी मोजून दाखवतो, मग तुम्हीच ठरवा. माझ्याकडे जाडी मोजायचं यंत्र आहे. पत्र्यावर टेकवलं की किती मिलिमीटर लोखंड आहे ते आकड्यात सांगतं. बुडाशी टेकवलं. दोन पूर्णांक सहा दशांश. नवी टाकी चारची असते.

हवालदार म्हणाले, "बगा! आर्ध्याच्या वर हाय अजून. पास!"

आकडा वाईट होता, पण भोक पडण्याइतका वाईट नव्हता. मला तो पटेना. सदाशिवनं खरवडणी घेतली आणि भोकाभोवतीचा रंग काढायला लागला. वरचा लाल रंग गेला, खाली निळा निघाला. निळ्याखाली पोपटी. मग परत निळा. मग शेंदरी. सदाशिव खरवडत राहिला आणि रंग निघतच राहिले, कांद्याची सालं निघावीत तसे. मी मोजले. नऊ थर.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. वर्कशॉपातला घण, पक्कड, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन सगळं धुऊन, पुसून, रंगवून, झेंडूची माळ घालून मांडतात. पंक्चरवाला आपली टाकी रंगवतो. नुसती पुसलेली टाकी पूजेला कशी ठेवायची? रंग हवाच. आणि तो रंग माझा होता. बावीस वर्षांपूर्वी मी प्रथा पाडली की दसऱ्याच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धा लिटर रंगाचा डबा फुकट पाठवायचा. दुसरे मेकॅनिक कॅलेंडर देतात, मी रंग देतो. मला त्याचा अभिमान होता. रंगानं गंज धरत नाही, टाकी टिकते, असं मी प्रत्येकाला सांगत होतो. तो पोपटी थर पाहिला आणि मला ते वर्ष आठवलं. त्या साली पोपटी रंगाचे साठ डबे स्वस्तात मिळाले होते.

खरवडून लखलखीत केलेल्या जागी मी पुन्हा यंत्र टेकवलं. शून्य पूर्णांक नऊ.

एक मिलिमीटरही नाही. रंग वेगळा मोजला तर तो सात दशांश भरला. रंगावर यंत्र ठेवलं की ते फसतं, रंगाची जाडी दुपटीहून जास्त धरतं आणि सात दशांश रंगाचं जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर लोखंड दाखवतं. यंत्राचं सोडा, माणूस त्याहून जास्त फसतो. पत्रा सडू लागला की आधी बाहेर तांबूस घाम येतो, टिपके दिसतात. टाकी आधी सांगते. आम्ही दर दसऱ्याला तिच्या तोंडावर रंग मारून तिला गप्प करत होतो. गंज बाहेरून नव्हताच. तो आत होता, आणि आत रंग मारायला कोणी जाऊ शकत नाही. हे मला, या धंद्यात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला, त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

"नऊ म्हंजे पास का नापास?" हवालदारांनी विचारलं.

मी म्हटलं, "पाणी भरून दाखवतो."

टाकी तपासायची ती पाण्यानं, हवेनं कधीही नाही. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे टाकी फाटली तरी चीर पडते, पाणी सांडतं आणि खेळ संपतो. हवा स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. तिला चीर मिळाली की ती टाकीच उलगडून फेकते. आम्ही भोकावर रबर ठेवून पट्टी आवळली, टाकी काठोकाठ पाण्यानं भरली आणि हातपंपानं दाब चढवायला लागलो. दहावर चालणारी टाकी पंधराला टिकली पाहिजे, असा हिशेब. हवालदार काटा मोठ्यानं वाचत होते, परेडला गिनती करावी तसे. "पाच... सात... नऊ... दस! दस झालं अण्णा! रोजचंच हाय."

अकराला फस्स असा आवाज झाला. बुडाशी, भोकापासून चार बोटांवर, वीतभर चीर पडली आणि पाणी आमच्या पायांवरून वाहत गेलं. आवाज फार नव्हता. म्हशीनं सुस्कारा टाकावा एवढाच.

"बास? एवढंच?" हवालदार म्हणाले.

"पाणी होतं म्हणून एवढंच. दहावर रोज चालवत होता. दहा आणि अकरात किती अंतर आहे?"

 हवालदार म्हणजे फौजेत सोळा वर्षं काढलेला माणूस, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं. ते टाकीकडे बघत नव्हते, वहिनींकडे बघत होते. वहिनी मात्र टाकीच्या त्या बाजूला वाकून हात लावून बघत होत्या.

"मी हितंच बसती की," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"टाकीला पाठ लावून. मशीन चालू असली की टाकी कोमट लागती. थंडीत पाठीला शेक बरा वाटतो. चार वर्सं तिथंच बसून चा इकती मी."

 सदाशिवनं पंप खाली ठेवला. मी मनात तिथंच गुणाकार केला आणि करायला नको होता. साडेबारा टन आणि एका बाईची पाठ, मधे नऊ दशांश मिलिमीटर.

हवालदारांनी त्याच दिवशी नवी टाकी घेतली आणि वहिनींची खुर्ची भिंतीच्या पलीकडे हलवली. मी वर्कशॉपात उरलेले रंगाचे डबे मोजले, तेवीस होते, ते बाजूला काढले आणि जेवायला घरी आलो. सगळं सुनंदाला, माझ्या पत्नीला, सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"ही टाका न मारलेली टाकी होती. ज्यांना टाकं मारलंत त्यांचं काय?"

 आठ वर्षांपूर्वी मी टाके मारणं बंद केलं आणि विषय संपला असं धरून चाललो. ज्या टाक्या आधीच शिवून दिल्या होत्या त्या कुठे आहेत, हा प्रश्न मला आठ वर्षांत एकदाही पडला नाही. मी दहा वेळा बेरीज तपासणारा माणूस. घरात मला त्यावरून चिडवतात.

मी सगळ्या कामांची नोंद ठेवतो. जुन्या वह्या काढल्या. अठरा वर्षांत अकरा टाक्या. पाच भंगारात गेल्याचं फोनवर कळलं. पाच अजून चालू होत्या, त्यांतली एक वाईच्या गॅरेजात होती. पुढच्या तीन दिवसांत मी आणि सदाशिव गाडी घेऊन फिरलो आणि पाचही बंद करवल्या. कोणी शिव्या दिल्या, कोणी चहा दिला. वाईचा गॅरेजवाला म्हणाला, "अण्णा, कंपनीवाले गाड्या परत मागवतात तसं टाके परत मागवताय व्हय?" मी म्हटलं, तसंच समज.

राहिली एक. वडूजची. महादेव नावाचा पंक्चरवाला. धंद्याची सुरुवात मी वडूजला केली, बारा वर्षं तिथं होतो, मग पलूसला आलो. महादेवच्या टाकीला टाका मारला त्याला सोळा वर्षं झाली होती. त्याचा फोन लागत नव्हता. शुक्रवारी सकाळी निघालो.  विट्याच्या पुढे सदाशिव म्हणाला, "तो टाका मला आठवतोय. दुहेरी मारलावता. लय भारी बसलावता." 

वडूजच्या स्टँडजवळ पूर्वी महादेवचं पंक्चरचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. त्याच्या शेजारी पत्र्याच्या आडोशाला एक माणूस बसून सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावत होता. बाजूला हातानं हवा भरायचा पंप. मी जवळ गेलो. महादेवच होता. केस पिकलेले, तोंडभर हसू. एक पाय मांडी घालून, दुसऱ्या पायाची पँट गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली.

"अण्णा! आवं, कवा आलासा? सदा बी हाय की! बसा, बसा. चा सांगतो."

मी म्हटलं, "महादेव, हे काय झालं?"

"मोठ्यानं बोला. डाव्या कानात काय न्हाई आता."

मी खाली बसलो, उजव्या बाजूला सरकलो, पण स्टँडचा कलकलाट इतका की मला ओरडावंच लागलं. जे मी गाडीत हळू आवाजात बोलायचं ठरवलं होतं, ते मला वडूजच्या स्टँडवर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून विचारावं लागलं. "टाकी फुटली का?"

"व्हय! पाच वर्सं झाली. सकाळचं धा वाजलंवतं. मी चाक खोलत बसलोवतो. बाकी कोन नव्हतं, देवाची किरपा. आवाज मला आयकूच आला न्हाई बगा. डोळं उघाडलं तवा साताऱ्याच्या दवाखान्यात."

"मला का नाही कळवलंस?"

"तुमाला कशाला? तुमची काय चूक?" महादेव हसला, थोडा ओशाळला. "चूक माझीच हाय. तुमी दर दसऱ्याला रंग पाठवत हुता. पलूसला गेल्यावर बी ड्रायव्हरकडनं डबा यायचा. मंग त्या साली डबा आला न्हाई. मी म्हनलं, जाऊ दे, इकत कशाला आनायचा, आवंदा तसंच पुजू. रंग मारला न्हाई. नुसतं हळद-कुक्कू लावलं. आन् फागणात टाकी फुटली. हत्याराचा मान चुकवला, दुसरं काय. तुमी सांगतच हुता, रंग मार, रंग मार."

 माझ्या डोक्यात आकडे आपोआप पुढे आले. त्या साली वडूजला डबे पाठवणं मी बंद केलं होतं, भाडं परवडेना म्हणून. आणि टाक्याचा धोका मला कळला आठ वर्षांपूर्वी, टाकी फुटली पाच वर्षांपूर्वी. मधल्या तीन वर्षांत माझा एक फोन पुरला असता. नंतरची पाच वर्षं हा माणूस एका पायानं बसून, रंगाचा डबा विकत न आणल्याबद्दल स्वतःला दोष देत होता.

मग मी ओरडून सगळं सांगितलं. रंगाचा काही संबंध नाही. टाकी आतून सडली होती. तिला टाका मारायलाच नको होता, तो आम्ही मारला. पुढे मला कळलं आणि तरी मी तुला सांगायला आलो नाही. बाकड्यावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

महादेव ऐकत होता. हातातली ट्यूब त्यानं खाली ठेवली. त्याचा चेहरा बदलत गेला, पण राग आला नाही. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होतो.

"मंग मी रंग मारला आसता तरी..."

"तरी फुटली असती."

"नक्की?"

"नक्की."

त्यानं हाताच्या पंज्यानं तोंड पुसलं. मग पलीकडं बोट केलं. "तिचा तुकडा हाय हितं. भंगारवाला दोनशे देत हुता, दिला न्हाई."

पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून ठेवलेला तो वाकडा पत्रा सदाशिवनं उचलला. तळाकडचा भाग होता. मधोमध त्याचा टाका. दुहेरी, माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा, सोळा वर्षांनीही एक रेघ हललेली नाही. आणि टाक्याला लागून, जिथं टाका संपतो बरोब्बर तिथून, पत्रा कागदासारखा फाटलेला. सदाशिवनं त्यावरून अंगठा फिरवला. मग तो तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसला. वीस वर्षांत मी त्याला काम सोडून खाली बसलेलं पाहिलेलं नाही.

"टाका न्हाई सुटला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की महादेवला ऐकू गेला नाही. महादेवनं मला विचारलं, "काय म्हनतोय सदा?" मी ते शब्दही ओरडूनच सांगितले.

चहा आला. आम्ही प्यालो, म्हणजे हातात धरला. मी खिशातली डायरी काढली आणि हिशेब करायला लागलो. सवय आहे. पाच वर्षं, महिन्याचे कामाचे दिवस, पंक्चरच्या दुकानाची रोजची मिळकत, सायकलची मिळकत, फरक. महादेव थोडा वेळ बघत होता. मग त्यानं डायरीच्या पानावर आपला तळवा ठेवला.

"अण्णा, काय गुनताय?"

"तुझं नुकसान."

"पायाची किंमत मी काडली न्हाई, तुमी बी काडू नका. दवाखान्याचं बिल किती झालं ते मला म्हाईत हाय. ते देयाचं आसंल तर द्या. न्हाई दिलं तरी मी कुनाला सांगनार न्हाई. आता स्टँडवर सगळ्यास्नी म्हाईतच झालंय म्हना." आणि तो हसला. 

निघताना त्यानं सदाशिवला बोलावलं. "तो तुकडा घिऊन जा. मला आता बादलीवर दुसरं झाकन लागंल, तेवढं पाठवून दे." सदाशिवनं मान हलवली. तो तुकडा आता आमच्या वर्कशॉपच्या दाराशी टांगलेला आहे, रंग न मारता. कोणी टाकी घेऊन टाका मागायला आलं की आम्ही आधी तो दाखवतो. बरेच जण टाका बघतात आणि म्हणतात, "काय भारी मारलाय हो." मग त्यांना शेजारी बघायला सांगावं लागतं. बादलीचं झाकण सदाशिवनं स्वतः बनवून आठ दिवसांत पाठवलं.

या दसऱ्याला मी रंगाचे डबे दिले नाहीत. प्रत्येकाला एक कागद दिला. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून पाणी सोडा, वर्षातून एकदा टाकी पाण्यानं तपासून घ्या, ती तपासणी आमच्याकडे फुकट. बुडाचा भाग बिनरंगाचा ठेवा, पूजेला हळद-कुंकू पुरतं. निम्म्या लोकांनी विचारलं, "आन् रंग?" हवालदारांनी मात्र कागद फ्रेम करून लावला. शालनवहिनी म्हणतात, देवाच्या फोटोच्या वर लावलाय.

महादेवच्या दवाखान्याचं बिल एक लाख बेचाळीस हजार सहाशे रुपये होतं. जुनं, पिवळं पडलेलं, त्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेलं. ते चार हप्त्यांत फेडलं. त्यातले पंचवीस हजार सदाशिवनं स्वतःच्या पगारातून घातले. मी नको म्हणालो तर म्हणाला, "टाका माझा हुता." शेवटचा हप्ता, पस्तीस हजार सहाशे, यंदा श्रावणात मी वडूजला जाऊन महादेवच्या हातात दिला. त्यानं नोटा न मोजता बनियनच्या खिशात ठेवल्या. पावती त्यानं दिली नाही. मीही मागितली नाही.